स, से, मि, रा

मराठीत भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, वेड लागतं आणि भूतही लागतं. यातलं काहीच माणूस ठरवून करत नाही, ते त्याला येऊन चिकटतं. याच 'लागणे'च्या आधी 'मागे' ठेवलं की घरोघर दिवसातून दहादा वापरलं जाणारं क्रियापद तयार होतं. 'किती मागे लागशील?' या प्रश्नात वैताग असतो, कधी लाड असतो, आणि 'आता हे काही सुटत नाही' अशी मनोमन दिलेली कबुलीही असते.

मागे लागण्याचे प्रकार मराठीने फार बारकाईने वेगळे केले आहेत, आणि मला त्याचंच खरं अप्रूप वाटतं. लहान मूल सायकलसाठी सकाळपासून आईच्या पदराशी घोटाळतं, ती भुणभुण. तेच मूल हट्टाला एकच एक कारण धरून बसलं, की टुमणं. 'यंदा लग्नाचं बघायचंच' असं घरातली वडीलधारी मंडळी जेवताना, चहाला, फोनवर सांगत राहतात, तो धोशा. उसने पैसे परत मागणारा लकडा लावतो, सावकार तगादा लावतो. क्रियापद सगळीकडे एकच, 'लावणे'. पण नामांची अदलाबदल करून पाहा. 'बाळाने तगादा लावला' म्हटलं की बाळ एकदम प्रौढ आणि हिशेबी वाटू लागतं. 'सावकाराने भुणभुण लावली' म्हटलं की सावकाराचा सगळा धाक उतरतो. हे भेद कोणी शाळेत शिकवत नाही, तरी पाच वर्षांच्या मुलालासुद्धा ते बिनचूक येतात.

पिच्छा पुरवणे आणि पाठपुरावा करणे ही जोडी तर खास बघण्यासारखी. पिच्छा काय किंवा पाठ काय, दोन्ही मागचीच बाजू. पुरवणंही दोन्हींत आहे. घडण एकच, पण पिच्छा पुरवणारा नकोसा होतो आणि पाठपुरावा करणाऱ्याचं कौतुक होतं. रस्त्याच्या कामासाठी वर्षभर कार्यालयात खेटे घालणारा नागरिक स्वतः पाठपुरावा करत असतो. टेबलापलीकडे बसलेल्याला तो पिच्छा वाटत असेल.

तगादा फारसीतून आला, मुळात अरबी. हिंदी-उर्दूत तोच शब्द तकाज़ा म्हणून राहिला आणि तिथे त्याला मोठी प्रतिष्ठा मिळाली: काळाची मागणी, वयाची मागणी अशा भारदस्त गोष्टींसाठी तो वापरतात. मराठीत मात्र तो सावकाराच्या ओट्यावरून फारसा हलला नाही. तगाद्याचं जुनं टोकाचं रूप म्हणजे धरणं. घेणेकरी कर्जदाराच्या दाराशी अन्नपाणी सोडून बसायचा आणि तो तिथे मेला तर त्याचं पाप घरवाल्याच्या माथी, असा समज होता. या समजाची ताकद एवढी, की 1860 च्या भारतीय दंड संहितेला त्याची दखल घ्यावी लागली. दैवी कोपाची भीती घालून एखाद्याला काही करायला लावणं हा कलम 508 नुसार गुन्हा होता, आणि कलमाखालच्या पहिल्याच उदाहरणात दुसऱ्याच्या दाराशी धरणं धरून बसलेला माणूस आहे.

आणि मग येतो ससेमिरा. पोलिसांचा ससेमिरा, चौकशीचा ससेमिरा, ईडीचा ससेमिरा: वर्तमानपत्राच्या मथळ्यात हा शब्द रोज दिसतो. तो फोडून पाहिला तर हाती काही लागत नाही. ससा नाही, मिरवणं नाही, कुठला धातू नाही. तो शब्दच नाही मुळी. ती चार सुटी अक्षरं आहेत.

ती आली संस्कृतातल्या 'सिंहासनद्वात्रिंशिके'तल्या, म्हणजे आपल्या सिंहासनबत्तिशीतल्या, एका गोष्टीतून. विशाला नगरीच्या नंद राजाचा मुलगा शिकारीला जातो. वाघ दिसताच घोडा बुजून पळतो आणि राजपुत्र झाडावर चढतो. वर आधीच एक अस्वल बसलेलं. 'भिऊ नकोस, तू शरण आलास,' असं म्हणून ते त्याला मांडीवर झोपू देतं. खालून वाघ सांगतो, ढकल त्याला. अस्वल ऐकत नाही. मग अस्वल झोपतं, राजपुत्र जागा राहतो. वाघ तेच त्याला सांगतो, आणि राजपुत्र ढकलतो. अस्वल पडता पडता फांदी धरतं आणि शाप देतं: 'ससेमिरा' एवढंच बडबडत पिशाचासारखा भटक.

राजपुत्र सापडतो तो असा. वैद्य होतात, मांत्रिक होतात, गुण येत नाही. बरं करू शकेल असा एकच माणूस, राजगुरू शारदानंद. पण राजाने संशयावरून त्याला ठार मारायला सांगितलेलं असतं. शहाण्या मंत्र्याने त्याला गुपचूप आपल्या घरात लपवलेलं असतं. 'माझ्या लहान मुलीला विचारून पाहू,' असं सांगून मंत्री राजाला घरी आणतो, आणि पडद्याआडून शारदानंद एकेक श्लोक म्हणतो. पहिला 'स'ने सुरू होतो: विश्वासाने जवळ आलेल्याला फसवण्यात कसलं कौशल्य? राजपुत्राच्या तोंडून 'स' गळतो, उरतं 'सेमिरा'. दुसरा 'से'ने: सेतूवर जाऊन ब्रह्महत्या फिटेल, मित्रद्रोह फिटणार नाही. उरतं 'मिरा'. तिसरा 'मि'ने, मित्रद्रोह्याच्या नरकवासाचा. उरतो नुसता 'रा'. चौथा राजालाच उद्देशून, दानधर्म सुचवणारा. तो संपताच मुलगा शुद्धीवर येतो आणि रानात काय झालं ते स्वतःच्या तोंडाने सांगतो.

थक्क व्हायला होतं ते यामुळे, की गोष्टीत त्याच्या मागे कोणीच लागलेलं नाही. वाघ निघून गेला, अस्वलही गेलं. पाठ सोडत नव्हती ती त्याच्याच जिभेवरची चार अक्षरं. मराठीने त्यातलं न थांबणं तेवढं उचललं आणि ते बाहेरच्या माणसाच्या हाती दिलं. अपराध आतून टोचत होता. आता चौकशी करणारं खातं बाहेरून टोचतं. क्रियापद मात्र हललं नाही. भूत लागतं तसा ससेमिराही लागतो.

अर्थ नसलेल्या या अक्षरांना भाषेने किती सहज घरात घेतलं, तेही पाहण्यासारखं आहे. 'आ'कारान्त म्हणून ससेमिरा पुल्लिंगी झाला. विभक्ती लागताच तो घोड्या-आंब्यांच्या रांगेत बसला: ससेमिऱ्यातून सुटका, ससेमिऱ्याला कंटाळून. कोणाला अडखळायला होत नाही. आणि इतर शब्दांपासून तो एका बाबतीत अजूनही वेगळा आहे. सायकल आली की भुणभुण थांबते, पैसे फेडले की तगादा मिटतो. ससेमिऱ्यात काय दिलं की संपेल हे समोरच्याला माहीतच नसतं, म्हणून तो फेडत नाहीत. लोक म्हणतात, ससेमिरा चुकवला, नाहीतर सुटला.