जुळवून घ्यायचं, पण कशाच्या बळावर?

नागपूरकर जिला नुसतं ‘बर्डी’ म्हणतात, त्या सीताबर्डीनं दोन शतकांत बरीच उलथापालथ पाहिली. नोव्हेंबर १८१७ मध्ये इथल्या टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढून हरली. १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते पदही गेलं. तरी बर्डीचा बाजार मोडला नाही. यावरून परिस्थितीशी जुळवून घेणं हा इथल्या माणसांचा स्वभावच आहे, असं म्हणून मोकळं होता येतं. पण ते अर्धंच खरं आहे. राजधानी गेली तरी उच्च न्यायालयाचं खंडपीठ राहिलं, १९५३ च्या नागपूर करारामुळे पुढे विधिमंडळाचं अधिवेशन मिळालं, रेल्वे तर होतीच. वकील, पक्षकार, खेड्यापाड्यांतलं गिऱ्हाईक येत राहिलं, म्हणून दुकानदाराला बदलून टिकता आलं. जुळवून घेण्याच्या गुणाला असा आधार लागतो.

हा आधार नसला की काय होतं, ते व्हेरायटी चौकाजवळच्या मेन रोडवर दिसतं. अतिक्रमण हटवणाऱ्यांची गाडी आली, की फेरीवाला ताडपत्रीची चारही टोकं उचलून मालाचं गाठोडं करतो आणि शेजारच्या मोदी गल्लीत शिरतो. गाडी गेली, की पुन्हा तिथंच. या चपळाईचं आपण कौतुक करतो, पण तिला लवचीकपणा म्हणणं चुकीचं आहे. उद्याची जागाच ठाऊक नसलेला माणूस नवा माल भरणार कसा आणि कर्ज काढणार कशाच्या भरवशावर? दुकानदार म्हणतील, आम्ही कर भरतो, आणि पायी चालणाऱ्यानं जायचं कुठून? तक्रार रास्त आहे. म्हणूनच २०१४ च्या केंद्रीय कायद्यानं आधी सर्वेक्षण आणि मगच हलवाहलव असा क्रम घालून दिला, आणि शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले असावेत, असं ठरवलं. थोडं त्यांनी सरकायचं, थोडं इतरांनी.

मग कायदा राबवला जाईपर्यंत माणसानं हातावर हात ठेवून बसायचं का, असं कुणी विचारेल. मुळीच नाही, स्वतःची धडपड हवीच. मात्र नुसत्या धडपडीनं आजचा दिवस निघतो, धंदा उभा राहत नाही. तेव्हा कामगाराला, शेतकऱ्याला किंवा फेरीवाल्याला ‘काळाप्रमाणे बदला’ असं सांगणाऱ्यानं, त्यासाठी वेळ, भांडवल आणि जागा यांपैकी आपण त्याला काय देतो आहोत, हेही सांगायला हवं.