नोंद नसेल तर माणूस दोनदा मरतो

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांना धम्मदीक्षा कोणी दिली, असं शिबिरात विचारलं की बरेच हात वर होतात. कुशीनाराचे भदन्त चंद्रमणी महास्थविर, हे उत्तर आपल्या मुलांना पाठ आहे. मग दुसरा प्रश्न येतो. लाखो माणसं जिथे जमली, त्या सोहळ्याचं आयोजन कोणी केलं? इथे बहुतेक हात खाली जातात.

ते आयोजन नागपूरच्या भारतीय बौद्धजन समितीने केलं होतं आणि समितीचे सचिव होते वामनराव गोडबोले. पुढे बाबासाहेबांचे सहायक नानकचंद रत्तू यांनी जपलेल्या बाबासाहेबांच्या वस्तू गोडबोले यांच्याकडे सोपवल्या. नागपूरजवळच्या चिचोलीच्या शांतिवनात आज आपण त्या पाहतो. तो टंकलेखन यंत्र पाहताना आपण हात जोडतो, पण ते तिथवर आणणाऱ्या दोन माणसांची नावं किती जणांना आठवतात?

विसर का पडतो?

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवॉक्स यांनी १९२५ मध्ये सामूहिक स्मृतीचा विचार मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की आठवण एकट्याच्या डोक्यात टिकत नाही, ती समूहाच्या आधाराने टिकते. समूह ज्याबद्दल पुन्हा पुन्हा बोलतो ते राहतं, बाकीचं विरतं.

आपल्याकडे बघा. ज्यांनी लिहिलं ते बऱ्यापैकी उरले. गोपाळबाबा वलंगकर १९०० मध्ये गेले, पण 'विटाळ विध्वंसन' त्यांनी १८८८ मध्ये छापलं होतं, म्हणून अभ्यासकांना ते सापडतात. ज्यांनी सतरंज्या घातल्या, वर्गणी गोळा केली, मोर्चाच्या भाकरी भाजल्या, त्यांच्या नावे कागदच नाही. आणि हे काम करणाऱ्यांत स्त्रिया जास्त होत्या, म्हणून विसरही त्यांच्याच वाट्याला जास्त आला.

जाईबाई आपल्यापर्यंत कशा पोचल्या

नागपूरच्या जाईबाई चौधरी यांचंच घ्या. लहान वयात लग्न झालं. पोटासाठी नागपूर ते कामठी डोक्यावरून ओझी वाहिली. एका मिशनरी बाईंच्या मदतीने त्या शिकल्या आणि मिशनच्या शाळेत शिक्षिका झाल्या. शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळताच सवर्णांनी विरोध केला आणि नोकरी गेली. जाईबाई घरी बसल्या नाहीत. १९२२ मध्ये त्यांनी संत चोखामेळा यांच्या नावाने मुलींची शाळा काढली.

ही गोष्ट आपोआप आपल्यापर्यंत आली नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी वृद्ध कार्यकर्त्यांची घरं शोधली, त्यांच्या मुलाखती घेतल्या, जुनी वृत्तपत्रं चाळली. त्यातून १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झालं. या दोघी त्या दारांपर्यंत गेल्या नसत्या, तर आंबेडकरी चळवळीतल्या कितीतरी स्त्रिया आज आपल्याला ठाऊकच नसत्या.

आपण काय करू शकतो?

१९५६ मध्ये जे पंधरा वर्षांचे होते, ते आज ऐंशी ओलांडून गेलेत. दीक्षाभूमीवर स्वतः उभी राहिलेली पिढी आपल्या डोळ्यांदेखत संपते आहे. म्हणून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, मुलाखत घेताना स्तुती नको, तपशील विचारा. गावी कोणत्या वाटेने गेलात? सोबत कोण होतं? घरातले देव काढले तेव्हा आई काय म्हणाली? सत्याग्रहात तुरुंगात गेलात, तेव्हा मागे घर कोणी चालवलं? हा शेवटचा प्रश्न विचारला की एका माणसाच्या आठवणीतून दुसरी, बहुधा एखादी बाई, बाहेर येते.

दुसरी, कागद जपा. वर्गणीच्या पावत्या, परिषदेची हँडबिलं, 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत'चे अंक, समता सैनिक दलाचे फोटो. घर बांधायला काढलं की हे सगळं आधी रद्दीत जातं. मोबाईलवर स्वच्छ फोटो काढा, मागे नाव, गाव, साल लिहा आणि एक प्रत विहारात ठेवा. बोलणाऱ्याची परवानगी मात्र आधी घ्या.

तिसरी, पडताळा करा. म्हातारपणी साल चुकतं, प्रसंग मोठा होतो. दुसऱ्या साक्षीदाराला विचारा, त्या काळचं वृत्तपत्र बघा. कालामसुत्त ऐकीव गोष्टीवर विसंबू नका असं सांगतं, ते आपल्या माणसांच्या गोष्टींनाही लागू आहे. फुगवलेलं चरित्र एकदा खोटं ठरलं की खऱ्या कामावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

चौथी, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात भाषणांची संख्या कमी करा आणि गेलेल्या व्यक्तीच्या कामाची एक पानाची लेखी नोंद वाचा. तीच नोंद विहाराच्या वहीत चिकटवा.

काही तरुण विचारतात, आजचे प्रश्न एवढे असताना जुनं कशाला उकरायचं? आमचं उत्तर साधं आहे. आपली चळवळ फक्त एका महामानवावर उभी होती, असं समजणारा कार्यकर्ता पुढच्या नेत्याची वाट बघत बसतो. ती हजारो साध्या माणसांनी उभी केली हे ज्याला कळतं, तो स्वतः कामाला लागतो. बाबासाहेबांचं मोठेपण यात कमी होत नाही. त्यांनी जागी केलेली माणसं किती होती, हे उलट स्पष्ट होतं.

विहाराच्या शेजारच्या गल्लीत अशी एखादी आजी नक्की असेल. या रविवारी वंदना झाली की वही घेऊन तिच्याकडे जा.

जयभीम!