रिमूचं फळ आणि काकापोची वीण

न्यूझीलंडचा काकापो हा जगातला सगळ्यांत वजनदार पोपट. नर चार किलोपर्यंत भरतो, आणि त्याला उडता येत नाही. दिवसा तो झुडपांत दडतो, रात्री पायी हिंडून पानं, मुळं, बिया खातो. माणूस येण्याआधी त्याचे शत्रू होते आकाशातून नजरेनं सावज हेरणारे शिकारी पक्षी. त्यांच्यापासून वाचायला शेवाळी रंगाच्या पिसांनिशी निश्चल बसणं पुरायचं. माणसापाठोपाठ उंदीर, मांजरं आणि स्टोट हा छोटा मांसभक्षक प्राणी आला. हे वासावर माग काढतात आणि काकापोच्या अंगाला तर गोडसर वास असतो. बसल्या जागी तो मारला जाऊ लागला. १९९५ साली अवघे ५१ पक्षी उरले होते.

त्यांना स्टोट-मांजरं नसलेल्या बेटांवर हलवलं, तरी संख्या भराभर वाढेना. कारण काकापो दरवर्षी वीतच नाही. दक्षिणेकडच्या बेटांवर त्याचा हंगाम ठरतो रिमू या झाडावर, आणि रिमूला भरघोस फळ धरतं ते दोन ते चार वर्षांतून एकदा.

फळ अजून हिरवं असतानाच पक्ष्यांना बहराची चाहूल लागते. नर उंचावरच्या जागा गाठतात. प्रत्येक जण जमिनीत बशीसारखा उथळ खळगा उकरतो, आतली काडी न काडी उचलून टाकतो. मग त्यात बसून छाती हवेनं फुगवतो आणि खर्जातला घुमारा सोडतो. वीसेक घुमारे झाले की एक चिरका, धातूवर आपटल्यासारखा आवाज. घुमारा दूरवर पोचतो, चिरक्या आवाजावरून नराची जागा कळते. असं रात्र रात्र, महिनोन् महिने चालतं.

मादी आवाजाच्या रोखानं चालत येते. मीलन झालं की नराचं काम संपतं. एक ते चार अंडी उबवणं, पिलांना भरवणं, सगळं मादीच्या एकटीच्या अंगावर. रात्री ती त्यांना सोडून रिमूवर चढते, पोटभर फळं खाते आणि परतून पिलांना भरवते. फळ पिकलं नाही, तर पिलं जगणं कठीण.

माद्यांनी जास्त वेळा वीण करावी म्हणून त्यांना वरचं खाणं दिलं गेलं. पण पिलांत नरच जास्त निघू लागले, कारण धष्टपुष्ट मादीला नर पिलं अधिक होतात. तेव्हा २००२ च्या हंगामात मादीचं वजन पाहून खाणं दिलं. त्या वर्षी वाढलेल्या २४ पिलांत १५ माद्या होत्या.

२०२२ मध्ये काकापोंची संख्या २५० च्या पुढे गेली. तरी बरीच अंडी आजही उबत नाहीत, कारण उरलेले पक्षी एकमेकांचे जवळचे नातेवाईक आहेत. म्हणून मदत हवीच, पण ती या पक्ष्याची रीत समजून घेऊन केलेली. काकापोला घाई चालत नाही. त्याला वाचवणाऱ्यांनीही रिमूच्या पुढच्या बहराची वाट पाहण्याची तयारी ठेवायला हवी.