दीर्घायुष्य की दीर्घ वार्धक्य?

घरातील वडील माणसांच्या पाया पडले की "औक्षवंत हो" असा आशीर्वाद मिळतो. वाढदिवसाला, पाडव्याला, भाऊबीजेला आपण जे औक्षण करितो, त्या शब्दाच्या पोटातही आयुष्यच आहे. साठीशांत काय किंवा सहस्रचंद्रदर्शन काय, हे सारे विधी आयुष्याच्या लांबीचा गौरव करणारे होत. परंतु आपल्याच परंपरेने ह्या गौरवास एक गंभीर पुस्तीही जोडून ठेविली आहे. सप्तचिरंजीवांच्या नामावळीत पहिले नाव अश्वत्थाम्याचे येते. त्याला मरण नाही. पण त्याच्या कपाळीची जखमही भरून येत नाही, आणि तिच्यासाठी तेल मागत तो दारोदार हिंडतो, अशी आपल्याकडे लोकसमजूत आहे. आयुष्य राहिले आणि आरोग्य गेले, तर त्या आयुष्यास वर म्हणावे की शाप, हा प्रश्न त्या कथेने कधीच विचारून ठेविला आहे. तोच प्रश्न आज शास्त्रज्ञ निराळ्या भाषेत विचारीत आहेत.

प्रथम एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. "हल्ली माणसे पुष्कळ जगू लागली," असे आपण म्हणतो, आणि ते खरेही आहे. स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास आपल्या देशातील सरासरी आयुर्मान अवघे बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. परंतु त्या काळी सर्व माणसे बत्तिसाव्या वर्षी म्हातारी होऊन मरत होती, असा ह्याचा अर्थ नव्हे. बालके पाळण्यात जात, स्त्रिया बाळंतपणात जात, तरणीताठी माणसे पटकी, देवी, हिवताप आणि क्षय यांनी जात. त्यामुळे सरासरी खाली येई. स्वच्छ पाणी, लस टोचणे आणि नवी औषधे यांनी ह्या अकाली मृत्यूंस आळा घातला. जरा मात्र जशीच्या तशीच राहिली. ज्या वयाची खात्रीलायक नोंद आहे असे सर्वांत दीर्घ मानवी आयुष्य फ्रान्समधील झाँ काल्माँ ह्या बाईंचे मानले जाते. त्या १९९७ साली, वयाच्या १२२ व्या वर्षी निवर्तल्या. वैद्यकाची एवढी प्रगती होऊनही त्यानंतर त्या मर्यादेपलीकडे कोणी गेलेले नाही. म्हणजे आपण मृत्यूच्या पुष्कळ वाटा बंद केल्या. म्हातारपणाची चाल मंदावली नाही.

ही चाल मंदावण्याची इच्छा मात्र फार जुनी आहे. १९२० नंतरच्या दशकात पॅरिस येथे सर्ज व्होरोनॉफ नावाचे शस्त्रवैद्य माकडाच्या ग्रंथींचे तुकडे धनिक वृद्धांच्या शरीरात बसवीत असत. तारुण्य काही परत आले नाही. आपल्याकडे १९३८ साली पंडित मदनमोहन मालवीय यांनी कायाकल्पाचा प्रयोग करून घेतला, आणि त्याची चर्चा देशभर झाली. पंडितजी १९४६ साली परलोकवासी झाले. अशा प्रयोगांत श्रद्धा असे, धैर्यही असे. परंतु एकाला गुण आला की नाही, एवढ्यावरून सर्वांविषयीचा सिद्धांत निघत नाही. त्याकरिता तुलना हवी, मोजमाप हवे आणि फार मोठा धीर हवा. मालवीयजींनीच स्थापन केलेल्या काशीच्या हिंदू विश्वविद्यालयातून शिकून बाहेर पडलेल्या एका विद्यार्थ्याच्या हातून पुढे ह्या शोधाचा एक महत्त्वाचा दुवा जोडला जावा, हा योगायोग विलक्षण खरा.

ती हकीकत अशी. पॅसिफिक महासागरात, चिलीच्या किनाऱ्यापासून सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांवर रापा नुई नावाचे एक एकाकी बेट आहे. प्रचंड पाषाणमूर्तींमुळे ते जगप्रसिद्ध झाले आहे. इंग्रज त्यास ईस्टर आयलंड म्हणतात. तेथे विमानतळ व्हावयाचा होता. बाहेरच्या जगाचा राबता वाढण्यापूर्वी तेथील लोकांच्या प्रकृतीची पाहणी करावी म्हणून १९६४ च्या अखेरीस कॅनडातून शास्त्रज्ञांचे एक पथक गेले. त्यांतील जंतुशास्त्रज्ञ जॉर्ज नोग्राडी यांना एका गोष्टीचे नवल वाटले. बेटावर घोडी पुष्कळ आणि लोक अनवाणी हिंडणारे, तरी धनुर्वाताचा उपद्रव नाही. कारण शोधावे म्हणून त्यांनी बेटाच्या निरनिराळ्या भागांतील माती नळ्यांत भरून आणिली.

ती माती पुढे माँट्रियल येथील आयर्स्ट ह्या औषधकंपनीच्या प्रयोगशाळेत पोचली. तेथे सुरेंद्रनाथ सहगल हे काम करीत होते. अविभक्त पंजाबात १९३२ साली जन्मलेल्या सहगलांनी काशीस औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण घेतले आणि पुढे इंग्लंडात ब्रिस्टल येथे डॉक्टरेट मिळविली. त्या मातीतील एका सूक्ष्मजंतूपासून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली एक द्रव्य वेगळे केले. रापा नुईच्या नावावरून त्याचे नाव ठेविले 'रॅपामायसिन'. बुरशीचा नाश करणारे औषध म्हणून ते उपयोगी पडेल असे प्रथम वाटले. पण ते रोगप्रतिकारशक्तीच दाबून टाकते असे आढळल्याने तो विचार सोडावा लागला. १९८२ च्या सुमारास माँट्रियलची ती प्रयोगशाळा बंद करण्याचे ठरले, आणि निरुपयोगी वाटणारी द्रव्ये टाकून द्यावी असा हुकूम निघाला. सहगलांचे मन मात्र मानेना. त्यांनी त्या द्रव्याच्या कुप्या घरी नेल्या आणि "खाऊ नये" अशी चिठ्ठी लावून घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेविल्या. पुढे अमेरिकेत प्रिन्स्टन येथे बदली झाली, तेव्हा त्या कुप्याही सोबत गेल्या. काही वर्षांनी नवे वरिष्ठ आले, त्यांनी कामास अनुमती दिली, आणि १९९९ साली मूत्रपिंडाचे रोपण केलेल्या रुग्णांसाठी हे औषध अमेरिकेत मंजूर झाले. जो दोष म्हणून टाकून दिला होता, तोच गुण ठरला; कारण परके मूत्रपिंड शरीराने झिडकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबावीच लागते.

हे द्रव्य शरीरात करिते तरी काय, ह्याचा उलगडा स्वित्झर्लंडातील बाझेल येथे १९९१ साली झाला. मायकेल हॉल व त्यांचे सहकारी यांनी किण्वाच्या पेशींत असे एक प्रथिन हुडकून काढिले की ज्यावर रॅपामायसिन नेमका आघात करिते. त्यास 'टॉर' असे नाव मिळाले. थोड्याच वर्षांत तेच प्रथिन मनुष्यासह सर्व सस्तन प्राण्यांच्या पेशींत सापडले. त्याचे कार्य घरातील दाखल्याने चांगले समजेल. ज्या घरी सुबत्ता आहे, तेथे नवे सामान रोज येत असते. जुने मोडके माळ्यावर साचत जाते, त्याकडे पाहावयास कोणास सवड नसते. ओढगस्तीचे दिवस आले की गृहिणी माळा उघडते, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवते, फुटक्या भांड्यांस डाग देववते, निरुपयोगी ते मोडीत काढते आणि घर नीटनेटके होते. पेशीचेही असेच आहे. अन्न मुबलक असले की टॉर जागृत राहून "वाढा, नवे बांधा" असा हुकूम देतो. अन्न कमी पडले की तो शांत होतो, आणि पेशी आपल्यातील झिजलेली द्रव्ये मोडून पुन्हा वापरू लागते. ह्या अंतर्गत साफसफाईचे रहस्य उलगडल्याबद्दलच जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रॅपामायसिन टॉरला दाबते. म्हणजे अन्न असतानाही पेशीस टंचाईचा भास करून देते.

टंचाईचा आणि दीर्घायुष्याचा संबंध शास्त्रज्ञांस आधीच ठाऊक होता. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ साली असे दाखविले होते की, पोषक द्रव्ये पुरेशी देऊन एकंदर आहार मात्र बेताचा ठेविला, तर घुशीच्या जातीचे पांढरे उंदीर भरपेट खाणाऱ्यांपेक्षा अधिक जगतात. हा परिणाम उपाशी न राहता, केवळ औषधाने साधेल काय, हा प्रश्न त्यामुळे सहजच पुढे आला.

त्याचे उत्तर २००९ साली मिळाले. अमेरिकेतील तीन निरनिराळ्या ठिकाणच्या प्रयोगशाळांनी एकच प्रयोग एकाच वेळी केला. एका ठिकाणची चूक दुसऱ्या ठिकाणी उघडी पडावी, हा त्यांतील हेतू. औषध उंदीर तरुण असतानाच द्यावयाचे होते. परंतु अन्नात मिसळल्यावर ते टिकेना. ते टिकाऊ करण्याची युक्ती सापडेपर्यंत उंदीर सहाशे दिवसांचे झाले, म्हणजे माणसाच्या हिशेबाने साधारण साठीला आले. आता काय उपयोग, असे वाटण्याजोगी ती अवस्था होती. तरीही औषध सुरू केले, आणि शेकडा नव्वद उंदीर मरण पावण्याचे वय माद्यांत शेकडा १४ आणि नरांत शेकडा ९ ने पुढे गेले. उतारवयात आरंभ करूनही सस्तन प्राण्याचे आयुष्य औषधाने वाढू शकते, हे त्या दिवशी प्रथमच निःसंदिग्धपणे दिसले. सहगल हे पाहावयास नव्हते. त्यांचा २००३ साली, वयाच्या सत्तरीत, कर्करोगाने अंत झाला होता.

येथपर्यंतची हकीकत वाचून कोणाही गृहस्थास वाटेल की, मग हे औषध आपल्या वडीलधाऱ्यांस का देऊ नये? येथेच सावध राहिले पाहिजे. उंदीर दोनतीन वर्षे जगतो, तेही निर्जंतुक पिंजऱ्यात. मनुष्य ऐंशी वर्षे जगतो, तोही गर्दीत, धुळीत आणि रोगजंतूंच्या सान्निध्यात. रॅपामायसिन घेणाऱ्यांच्या तोंडात व्रण येतात, रक्तातील चरबी व साखर वाढू शकते, जखमा लवकर भरत नाहीत, आणि जंतुसंसर्गाचे भय असते. २०१४ साली ह्याच कुळातील एक औषध पासष्ट वर्षांवरील दोनशेंवर स्वयंसेवकांस सहा आठवडे अल्प प्रमाणात दिले, तेव्हा इन्फ्लुएंझाच्या लशीस त्यांचे शरीर सुमारे शेकडा २० अधिक प्रतिसाद देते असे आढळले. आशा वाढली. परंतु २०१९ साली त्याच मार्गावर काम करणाऱ्या दुसऱ्या एका औषधाची वृद्धांवरील मोठी परीक्षा अयशस्वी ठरली. कोणत्याही औषधाने माणसाचे वार्धक्य मंदावून आयुष्य वाढते, असे आजवर सिद्ध झालेले नाही. तेव्हा "वय थांबवा" म्हणणाऱ्या गोळ्या-चूर्णांच्या जाहिराती पाहून पैसे खर्चण्यापूर्वी हे एक वाक्य आठवावे.

बेताच्या आहाराचीही गोष्ट वाटते तितकी सरळ नाही. अमेरिकेत ऱ्हीसस माकडांवर दोन दीर्घ प्रयोग झाले. विस्कॉन्सिन येथे कमी खाणारी माकडे अधिक जगली. राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या प्रयोगात आयुष्य वाढलेले दिसले नाही. २०१७ साली दोन्ही गटांनी एकत्र बसून तुलना केली, तेव्हा आहाराची प्रत, आरंभाचे वय आणि तुलनेसाठी ठेविलेल्या माकडांस मिळणारे अन्न यांत भेद असल्याचे दिसून आले. विस्कॉन्सिनची तुलनेची माकडे साखरेचे अन्न हवे तितके खात होती. ह्यावरून निदान एवढा बोध निघतो की, अतिरेकी खाणे टाळण्यात लाभ आहे; आधीच बेताने खाणाऱ्याने आणखी तोडण्यात तितका नाही. सत्तरीपुढील माणसाने तर अन्न तोडू नये. त्याचे स्नायू झिजतात आणि एक पडणे त्याला कायमचे अंथरुणास खिळविते. आणि "एकादशी दुप्पट खाशी" ह्या आपल्या प्रथेने टॉर शांत होईल, अशी आशा कोणी बाळगू नये!

मग ह्या साऱ्या खटाटोपाचे आपल्या घराशी नाते काय? काही विचारी माणसे म्हणतात की, आयुष्य वाढविणे म्हणजे निसर्गाविरुद्ध जाणे. म्हाताऱ्यांनी वाट मोकळी केली पाहिजे. पण एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांना खरी परिस्थिती ठाऊक आहे. आजोबा नव्वदीपर्यंत जगतात, त्याचे दुःख कोणालाच नसते. शेवटची आठ वर्षे ते स्वतः उठू शकत नाहीत, मुलांची नावे विसरतात, ह्याचे असते. त्या आठ वर्षांचा भार पुष्कळदा ज्या सुनेवर पडतो, ती तोवर स्वतः साठीला पोचलेली असते, आणि तिच्या गुडघ्यांची विचारपूस करावयास कोणास उसंत नसते. शास्त्रज्ञांचा खरा हेतू हा परावलंबनाचा काळ आखूड करण्याचा आहे. हृदयविकार, कर्करोग, स्मृतिभ्रंश हे निरनिराळे शत्रू दिसले, तरी वाढते वय हे त्या सर्वांचे सर्वांत मोठे समान कारण आहे. एकेका रोगाशी झुंजण्याऐवजी त्या मुळाशीच उपाय होतो काय, हे ते पाहत आहेत. तो हेतू निंद्य तर नाहीच, उलट घराघरांतून त्यास सदिच्छा मिळावी असा आहे.

तो सफल होईपर्यंत जे निश्चित ठाऊक आहे, ते तरी आपण करावे. तंबाखू सोडावी. रक्तदाब व साखर वेळच्या वेळी तपासून आटोक्यात ठेवावी. रोज चालावे, आणि स्नायूंस थोडे श्रम द्यावे. वृद्धांच्या ताटात वरण, दूध, दही, उसळ पुरेशी आहे ना, ते पाहावे. त्यांच्या कानांची व डोळ्यांची तपासणी लांबणीवर टाकू नये. कारण ऐकू येईनासे झालेले माणूस घरात असूनही एकटे पडते. आणि ही सारी काळजी वडिलांइतकीच, त्यांची शुश्रूषा करणाऱ्या बाईचीही आजपासूनच घ्यावी. तिचे वार्धक्य अजून यावयाचे आहे, आणि ते कसे जावे हे पुष्कळसे अद्याप आपल्या हाती आहे.