मोजक्याच पेशी रंगल्या, म्हणून मेंदू दिसला

प्राण्याच्या मेंदूचा ताजा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर फारसे काही हाती लागत नाही. तो मऊ, एकरंगी आणि लवकर कुजणारा. म्हणून तो आधी रसायनात घट्ट करतात, पातळ काप काढतात आणि ते रंगवतात. जितके जास्त रंगेल तितके चांगले, असे वाटणे साहजिक आहे. पण मेंदूने नेमके उलटे शिकवले. १८७३ मध्ये इटलीच्या कामिल्लो गोल्जीने पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवलेला मेंदू सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवण्याची पद्धत जाहीर केली. तिच्यात शंभरातल्या मोजक्याच पेशी काळ्या होतात, पण ज्या होतात त्या बारीक फांद्यांसकट. सगळ्याच रंगल्या असत्या, तर घनदाट रानात एका झाडाच्या फांद्या वेगळ्या काढण्यासारखी गत झाली असती. स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहालने ही प्रक्रिया दोनदा करून पाहिली आणि नमुनेही विचारपूर्वक निवडले: पक्ष्यांची पिल्ले आणि भ्रूण. त्यांच्या तंतूंवर मायेलिनचे वेष्टन अजून चढलेले नसते, त्यामुळे चांदी दूरवर पोहोचते. १८८८ मध्ये त्याने पक्ष्यांच्या लहान मेंदूवरून दाखवले, की प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र आहे. तंतू दुसऱ्या पेशीजवळ येऊन संपतो, तिच्यात मिसळत नाही.

कोणती पेशी रंगेल हे आधी सांगता येत नसेल, तर मोजक्या पेशींवरून सगळ्यांविषयी कसे बोलावे? शंका रास्त आहे. पण प्रत्येक कापात वेगळ्या पेशी रंगतात. असंख्य काप आणि निरनिराळे प्राणी पाहूनही तीच रचना दिसली, तर तिला योगायोग म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. तेच रंजन वापरून गोल्जीला मात्र एकमेकींत मिसळलेल्या पेशींचे सलग जाळे दिसले, आणि १९०६ चे नोबेल काहालबरोबर विभागून घेतानाही त्याने व्याख्यानात जाळ्याचीच बाजू मांडली. माझ्या मते यातून रंजनाची मर्यादा कळते, निरुपयोगिता नव्हे. दोन पेशींमधली फट जेमतेम २० नॅनोमीटरची. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला ती दिसणे शक्यच नव्हते. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ती दाखवली आणि काहाल बरोबर ठरला. संगणकाच्या काळातही काप काढून रंगवण्याची ही कला मागे पडलेली नाही. २०२४ मध्ये फळमाशीच्या अख्ख्या मेंदूचा, सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशींचा, नकाशा प्रसिद्ध झाला; तो मेंदूही आधी रसायनांत टिकवून, जड धातूंनी रंगवून, सुमारे ४० नॅनोमीटर जाडीच्या सात हजारांवर कापांत कापलेला होता.