प्रतिवाद की मज्जाव?

वादग्रस्त वक्त्यास उत्तर द्यावे, की त्यास व्यासपीठच नाकारावे? सुरतेस हा प्रश्न नवा नाही. १८४४ साली दुर्गाराम मेहताजी व मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग आदींनी येथे मानवधर्मसभा स्थापिली. मंत्रसामर्थ्याचा दावा करणाऱ्यांचे तोंड न दाबता सभेने त्यांस सर्वांसमक्ष प्रचीती दाखविण्याचे आव्हान दिले. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी व मिशनरी यांचेही जाहीर वाद झाले.

पवित्र शास्त्रात या बाबतीत दोन आदेश दिसतात. पौल इफिस येथे तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षे वादविवाद करीत राहिला (प्रे. कृत्ये १९:९-१०). योहान मात्र ख्रिस्ताचे देहाने येणे नाकारणाऱ्यास घरात घेऊ नये, असे बजावतो (२ योहान ७-१०). येथे विसंगती नाही. स्थळ भिन्न आहे. त्या काळी मंडळी घरातच जमत असे. उपदेशपीठावरून बोलणाऱ्यामागे मंडळीची संमती उभी असते, आणि उपासनेत श्रोत्यास उलट प्रश्न करता येत नाही. चर्चासभेत तो करता येतो.

म्हणून पाळकांनी उपदेशपीठ राखावे. परंतु चर्चेचे दार लावू नये. हिंसेस चिथावणारा मात्र वाद करीतच नाही. त्यास कोठेही स्थान नसावे. इतरांस केवळ आपली तयारी नाही म्हणून नाकारले, तर त्यांचे बोलणे आधीच ऐकून आलेला तरुण आपली शंका घेऊन एकटाच घरी जातो. त्याच्यासाठी तरी प्रचारकाने अभ्यास करून, सौम्यतेने उत्तर देण्यास सिद्ध असावे (१ पेत्र ३:१५).