छोट्या लाटेची फळी

विश्रांतवाडीहून जवळचा समुद्र अलिबागचा, रस्त्याने दीडेकशे किलोमीटर. मग लाटेवर उभं राहायची फळी गच्चीवर कशाला घडवायची, असं सोसायटीत निदान वीस जणांनी मला विचारलं. चित्रांत दिसणाऱ्या निमुळत्या, पातळ फळ्या मोठ्या लाटांसाठी आणि विशी-पंचविशीतल्या अंगांसाठी असतात. माझं वय ५२, वजन ७८ किलो. पावसाळ्यात कोकणचा समुद्र उसळतो, पण तेव्हा मच्छीमारही होड्या ओढून ठेवतात. आपल्या वाट्याचा समुद्र ऑक्टोबर ते मेचा आणि त्यातली लाट बहुधा गुडघ्यापासून कमरेपर्यंतची. पन्नाशीनंतर मला हे जमणार की नाही, ते बरंचसं फळीवर ठरणार होतं.

पुण्याला लाटा अगदीच परक्या आहेत असंही नाही. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात (स्थापना १९१६) बंदरांच्या प्रतिकृतींवर कृत्रिम लाटा सोडून अभ्यास चालतो. आपल्याला त्यातलं एक साधं सूत्र पुरेसं आहे. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे १.३ पट उरली की लाट फुटते. म्हणजे ६० सेंटिमीटरची लाट साधारण ७८ सेंटिमीटर पाण्यात फुटणार. त्या वेळी तिचा वेग सेकंदाला ३.७ मीटर, ताशी १३ किलोमीटरच्या घरात येतो. आरामात सायकल चालवावी तेवढा. दोन मीटरच्या लाटेचा वेग ताशी २४ किलोमीटर. घसरणाऱ्या फळीला पाणी जे वर उचलतं, ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. हिशेब केला तर छोटी लाट मोठीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी उचल देते. वेग आपल्या हातात नाही, वजन फारसं नाही. उरतं ते क्षेत्रफळ. छोट्या लाटेची फळी रुंद आणि सपाट का, याचं सगळं उत्तर इथे आहे.

हा विचार फळ्यांमध्ये आणला तो कॅलिफोर्नियाच्या बॉब सिमन्सने. लिंडसे लॉर्ड यांचं, वेगात पाण्यावर उचलल्या जाणाऱ्या नौकांच्या तळांवरचं पुस्तक १९४६ साली आलं. सिमन्सने ते तत्त्व फळीला लावलं आणि रुंद शेपटीच्या, हलक्या फळ्या केल्या. १९५४ साली तो लाटांवरच गेला. त्याची एक अडचण पुढे आपल्यालाही भेटणार आहे.

माझी फळी २२३ सेंमी लांब, ५७ रुंद, ७.६ जाड. गुणाकार येतो ९६.६ लिटर, कडा आणि टोकं निमुळती होतात म्हणून त्यातले ५७ टक्के धरायचे, म्हणजे ५५ लिटर. मी आणि फळी मिळून साडेब्याऐंशी किलो. तरंगायला तितकेच लिटर पाणी बाजूला सारायला हवं. ५५ लिटर फळी सारते, बाकीचं अंगाने भागवायचं, म्हणजे पोट-मांड्या थोड्या पाण्यात. स्पर्धेतल्या खेळाडूची फळी याच्या निम्म्या आकारमानाची असते. त्याचे खांदे तेवढं ओझं ओढतात. माझे ओढणार नाहीत.

बाक कमी ठेवला : नाकाकडे ९ सेंमी, शेपटीकडे साडेचार. बाक जास्त असेल तर फळी पाणी पुढे ढकलत बसते आणि संथ लाट हातची जाते. कडांचं शास्त्र कळायला स्वयंपाकघरात जावं. चमचा दांड्याशी सैल धरून त्याची फुगीर बाजू नळाच्या धारेला लावा. चमचा धारेकडे ओढला जातो. पाणी गोलाईला चिकटून वळतं. म्हणून पुढच्या भागात कड गोल, तिथे फळीने पाण्याला धरून राहावं. मागच्या ४५ सेंटिमीटरमध्ये तळाची कड धारदार, तिथे पाण्याने सुटावं.

गाभा थर्माकोलचा, घनमीटरला २४ किलो घनतेचा. पंचावन्न लिटरचं वजन भरतं १.३ किलो! सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ साली बंदी आली, तोवर गणपतीची मखरं करणारे कारागीर तापलेल्या नायक्रोम तारेने ते लोण्यासारखं कापत. तीच पद्धत इथे. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना प्लायवूडचे बाकदार साचे ठोकायचे आणि तारेचं धनुष्य त्यांवरून एका चालीने ओढायचं. मग ठोकळा मधोमध उभा चिरून चार मिलिमीटरच्या प्लायची पट्टी कण्यासारखी चिकटवायची. पुढचं काम करवत, रंधा आणि पॉलिश पेपरचं. डोळ्यांपेक्षा तळहाताला उंचवटे आधी कळतात.

आता सिमन्सची अडचण. फायबरग्लासच्या दुकानात स्वस्त मिळतं ते पॉलिएस्टर रेझिन. त्यातलं स्टायरिन थर्माकोल विरघळवतं. म्हणून सिमन्सने फोम प्लायवूड आणि बाल्सा लाकडात बंद केला होता. आज इपॉक्सी मिळतं, महाग पण निरुपद्रवी. निरुपद्रवी म्हणजे थर्माकोलला. आपल्याला हातमोजे हवेत, मोकळी हवा हवी आणि घासताना चांगला मास्क. कापड चौरस मीटरला २०० ग्रॅमचं, वर दोन थर, खाली एक. रेझिन संध्याकाळी ऊन उतरताना लावावं. तापमान चढतं असेल तर थर्माकोलमधली हवा फुगून बुडबुडे काढते. उतरतं असेल तर रेझिन आत ओढलं जातं. पुण्यातली नोव्हेंबरची संध्याकाळ याला उत्तम, जानेवारीत रेझिन आळसावतं.

मागे तीन फिन. मालवणी होडीला आडव्या हेलकाव्यात उलांडी सांभाळते. फळीची शेपूट आडवी घसरू नये हे काम फिनचं. टॉम ब्लेकने १९३५ साली प्रथम ती बसवली, तोवर पाय पाण्यात घालून वळत.

एक हिशेब मला आवडत नाही. ठोकळा २०७ लिटरचा, फळी ५५ लिटरची. जवळजवळ तीन चतुर्थांश माल कचरा. तारेने कापल्यामुळे बराचसा सलग तुकड्यांत निघाला आणि तो पाण्याच्या टाकीभोवती उष्णतारोधक म्हणून बांधला. घासलेले मणी मात्र वाऱ्यावर थेट मुळेकडे जायला तयार असतात. म्हणून सगळं घासकाम ताडपत्रीच्या तंबूत, पहाटेच्या पडत्या वाऱ्यात केलं.

तयार फळी साडेचार किलोची. रंग पांढराच, कारण गाडीच्या टपावर उन्हात गडद रंग तापतो आणि थर्माकोल मऊ पडतं. डिसेंबरात मांडीएवढ्या लाटांवर ती माझ्यासकट उचलली गेली. छातीएवढ्या लाटेवर नाक खुपसते. तिला दिलेला बाक तेवढाच आहे, आणि त्या दिवशी मी किनाऱ्यावर बसतो.